गाडीतली सिगार

सोलापूर

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

तू पत्रात दोन गोष्टी विचारल्यास. पुण्याहून इकडे येताना गाडीत सिगार ओढायची तर राखेसाठी काय ठेवावं आणि काच कुठली उघडावी, ही एक. वहिनींच्या हाती गाडी जायच्या आत वास कसा घालवावा, ही दुसरी. दुसरीचं उत्तर लांब आहे. पहिलीचं एवढंच की गाडी चालू असताना ओढूच नकोस. तंबाखू चांगली की वाईट हा आपला जुना वाद आज बाजूला ठेवू. सिगार जळते कशी, एवढंच बघ.

तुझी रोबुस्टो म्हणजे आखूड, जाड सिगार, साधारण पाच इंच लांब आणि पन्नास रिंगची. एक रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे जाडी झाली जवळजवळ 20 मिलिमीटर. एवढी सिगार नीट ओढली तर पाऊण ते एक तास चालते. मिनिटाला एक झुरका हा तिचा वेग. घाई केली की निखारा जास्त तापतो, धूर कडू होतो आणि जीभ पोळते. रेंगाळलं की विझायला लागते. टेंभुर्णीला पेटवलेली सिगार मोहोळ आलं तरी हातातच असते, आणि तेवढ्यात चाळीस-पन्नास वेळा हात स्टिअरिंगवरून उचलला जातो. राख झाडणं, विझली तर परत पेटवणं हे वेगळंच. ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. मांडीवर काय पडलं ते बघायला दोन सेकंद मान खाली घातलीस तर 44 मीटर रस्ता तू पाहिलेलाच नसतो. गाळपाच्या दिवसांत त्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या मागे दिवा नसताना चालतात, हे तुला माहीत आहे.

खरी भीती राखेची नाही, निखाऱ्याची. घरी खुर्चीत बसून ओढताना इंचभर राख टोकाला टिकते, आणि ती टिकावीच, कारण तिच्यामुळे निखारा सावकाश जळतो. गाडीत पहिल्याच गतिरोधकाला ती अख्खी खाली येते, कधीकधी निखाऱ्याचा तुकडा घेऊनच. आपल्याकडची विडी दोन मिनिटं ओढली नाही की आपोआप विझते. सिगारमध्ये तंबाखूच इतकी दाबून भरलेली असते की नुसती ठेवली तरी ती कितीतरी मिनिटं आतून धुमसत राहते. तुकडा सीट आणि हँडब्रेकच्या मधल्या फटीत गेला तर हात पोचत नाही आणि खालचा फोम वरून न दिसता जळत राहतो. गाडीतल्या राखदाणीची खाच सिगारेटच्या मापाची असते, त्यामुळे सिगार तिच्यात बसत नाही, वर नुसती डुगडुगते.

सीटबेल्ट तर आजच तपास. पूर्ण बाहेर ओढ आणि दोन्ही कडांवरून अंगठा फिरव. पट्टा पॉलिएस्टरचा असतो, ठिणगी पडली की धागे वितळून तिथे टणक, चकचकीत मणी तयार होतो. असा एकही मणी हाताला लागला तर पट्टा बदल. शिवून किंवा चिकटवून चालवू नकोस, धक्का बसला की तो तिथेच तुटू शकतो.

काचेचं म्हणशील तर दोन बोटं उघडली की धूर बाहेर ओढला जातो हे खरं, पण वारा निखाऱ्याच्या एकाच बाजूला लागतो. मग ती बाजू पुढे जळत जाते, दुसरी मागे राहते आणि सिगार तिरपी होते. शिवाय उन्हाळ्यातल्या कोरड्या वाऱ्याने वरचं पान तडकतं. पूर्ण काच उघडलीस तर राख भिरभिरत मागच्या सीटवर. उरलेलं थोटूक बाहेर फेकायचा तर विचारही करू नकोस. ते मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर जातं, नाहीतर कडेच्या वाळलेल्या गवतात. आणि काचा बंद, एसी चालू, हवा आतल्याआत फिरती, हे सगळ्यात वाईट. सिगारमधून सिगारेटपेक्षा जास्त कार्बन मोनॉक्साइड निघतो. डोकं जड होतं, लक्ष मंदावतं आणि आपल्याला वाटतं रस्त्याचा कंटाळा आलाय.

धूर आत घेत नाही म्हणून निकोटिन जात नाही असं समजू नकोस. सिगारचा धूर अल्कलीकडे झुकणारा असल्याने निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं. उपाशीपोटी ओढलीस की तंबाखू लागते: घाम, मळमळ, गरगर. चाकावर असताना हे झालं तर गाडी कडेला घ्यायलाही भान राहत नाही.

आणखी एक. सिगारचा डबा ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवतोस ना? सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता आणि विशीच्या आसपास तापमान लागतं. मे महिन्यात इथे उन्हात उभी केलेली बंद गाडी आत साठ अंशांच्या घरात जाते. सिगार तासाभरात सुकायला लागतात. गॅसचा लायटर तर अजिबात गाडीत सोडू नकोस, पन्नास अंशांवर तो फुटू शकतो.

ओढायचीच तर थांबून ओढ. इंदापूरकडच्या एखाद्या ढाब्यावर जेव, मग गाडीपासून दूर, पेट्रोल पंपापासून तर फारच दूर, निवांत बस. वेळ नसेल तर पेटिट कोरोना ही छोटी सिगार घे, अर्ध्या तासाच्या आसपास संपते. थोटूक चिरडू नकोस, चिरडलं की घाण वास सुटतो. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात चार बोटं वाळू घाल आणि त्यात ते आपोआप विझू दे. पण तो डबा गाडीत आणू नकोस, विझलेल्या थोटकाचा वास ताज्या धुरापेक्षा चिवट. टॅक्सीसारख्या सार्वजनिक वाहनात ओढायला तर 2003 च्या तंबाखूविषयक कायद्यानेच बंदी आहे.

आता वास. सुगंधी डबी लटकवून काही होत नाही, चिकटलेला तेलकट थर निघाला तरच वास जातो. उन्हात गाडी तापली की हाच थर पुन्हा वास सोडायला लागतो, म्हणून सोलापुरात तो पुण्यापेक्षा जास्त जाणवेल.

पाणी लावायच्या आधी सगळी राख व्हॅक्यूमने काढ. ओली झाली की ती काळा लगदा होऊन कापडात मुरते. कापडी सीट असतील तर छोट्या गाडीला पाव किलो खाण्याचा सोडा भुरभुरव, रात्रभर ठेव, सकाळी व्हॅक्यूम. लेदरला सोडा नको, सौम्य साबणाचं ओलसर फडकं पुरे. काचांना आतून पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान लाव. फडकं पिवळसर निघेल, ते पांढरं निघेपर्यंत पुसत राहा. छताचं कापड फार जपून. ते पातळ फोमवर गोंदाने चिकटवलेलं असतं, भिजलं की गोंद सुटतो आणि कापड डोक्यावर लोंबायला लागतं. म्हणून कापड साफ करायचा फेस थेट छतावर कधीच मारू नकोस, टॉवेलवर घे आणि एकाच दिशेने टिपत जा, घासू नकोस. याला आपला चाटी गल्लीतला टेरी टॉवेल बरा, पाणी चटकन शोषतो. सीटबेल्ट पूर्ण ओढून चिमट्याने अडकव, कोमट साबणपाण्याने पूस आणि रात्रभर वाळू दे. ओला आत गेला की कुबट होतो.

एवढं करूनही एसी लावला की पहिल्या मिनिटाला वास आला, तर तो एसीच्या कूलिंग कॉइलमधून, म्हणजे हवा गार करणाऱ्या भागातून येतोय. कॉइल ओली असते, धूर तिच्यावरून फिरतो आणि थर बसतो. ग्लव्ह बॉक्स उतरव, मागचा केबिन फिल्टर काढून टाकून दे, तो धुऊन चालत नाही. एसी बंद, हवा बाहेरची, ब्लोअर चालू ठेवून फिल्टरच्या खाचेतून कॉइल साफ करायचा फेस मार. मग ब्लोअर बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांब. गाडीखालच्या नळीतून मळकट पाणी गळेल. ते गळत नसेल तर नळी तुंबली आहे, आधी ती मोकळी कर. मग दारं उघडी ठेवून दहा मिनिटं ब्लोअर पूर्ण चालव आणि नवा फिल्टर बसव, कोळशाचा थर असलेला.

वास घालवायचं ओझोनचं मशीन गॅरेजवाले आधीच लावायला सांगतील. ते सगळ्यात शेवटी, पुसून झाल्यावर, तेही अर्धा तास आणि गाडीत कोणी नसताना. ओझोन फुफ्फुसांना बाधतो आणि रबर लवकर म्हातारं करतो. नंतर तासभर तरी दारं उघडी ठेव.

शनिवारी येतोसच, तर गाडी इथेच करू. व्हॅक्यूम आणि टॉवेल माझ्याकडे आहेत. तू तुझ्या मॉडेलचा फिल्टर तेवढा पुण्याहून घेऊन ये, इथे कोळशाचा लगेच मिळेल याची खात्री नाही. वहिनींना आणि मुलांना आशीर्वाद, काकांना नमस्कार.

तुझा,
सुधीर