गोमुखी दरवाजाचा नकाशा

पुणे,
रविवार रात्र

प्रिय पंत,

आपल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या डावासाठी तू काढलेला किल्ल्याच्या दाराचा नकाशा मिळाला. दगडांचा रंग, पायऱ्यांवरचं शेवाळ, बुरुजावरचा भगवा, सगळं मन लावून केलंयस, ते कळतं. नकाशे काढायचं डंजनड्राफ्ट तुझ्या हातात चांगलं बसलंय. पण शनिवारच्या डावाआधी दोन-तीन रात्री हाताशी आहेत, त्या सजावटीत घालवू नकोस. त्या भिंतींना दे. मी दगडी भिंतींबद्दल बोलत नाही. आपण ज्यावर ऑनलाइन खेळतो त्या फाउंड्रीत चित्रावर ज्या रेघा ओढायच्या, त्या भिंती. कोणाला कुठून काय दिसतं हे त्याच ठरवतात, आणि किल्ल्याच्या लढाईत सगळा जीव तिथेच असतो.

रायगडाचा महादरवाजा आठव. खालून चढून येणाऱ्याला दार दिसतच नाही. दिसतात ते दोन बुरूज, एक ७५ फुटांचा आणि दुसरा ६५ फुटांचा. त्यांच्यामधून वळत आत शिरलं की मग दार समोर येतं, आणि तोवर तुम्ही दोन्हीकडून माऱ्यात सापडलेले असता. हिरोजी इंदुलकरांनी इतक्या विचारानं लपवलेलं ते दार आपण वरून काढलेल्या चित्रात पहिल्या क्षणाला उघडं करतो. खेळाडूंनी नकाशा उघडला की वळण, दार, देवड्या, पहारे, सगळं एका नजरेत. मग दार असं वळणाआड लपवणाऱ्या गोमुखी बांधणीचा उपयोग काय? भिंती नीट ओढल्या की ती बांधणी पुन्हा कामाला लागते. खेळाडूचं टोकन, म्हणजे नकाशावरची त्याची सोंगटी, बुरुजाला वळसा घालेपर्यंत पडद्यावर काळोख, आणि मग एकदम दार. आपल्या मंडळींना तो क्षण मिळावा असं मला फार वाटतं.

आता मापं. नकाशावरच्या चौकटीतलं एक घर पाच फुटांचं. तुझ्या चित्रात बुरुजांमधली वाट सहा घरं रुंद आहे, म्हणजे तीस फूट. एवढ्या वाटेनं फौज रांग धरून आत येईल. ती तीन घरांवर आण. तीनच का, तर तू शत्रूकडे हत्ती दिला आहेस आणि हत्तीला तीन बाय तीन घरं लागतात. तो शिरेल, पण त्याच्या शेजारून कोणाला जाता येणार नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खेळाच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे हत्तीला धडकेत समोरच्याला आडवं पाडायचं असेल, तर आधी सरळ रेषेत वीस फूट धाव घ्यावी लागते. म्हणजे चार घरं. वळण संपतं तिथे उभा राहिलेला हत्ती आणि दारापुढचा पहारेकरी यांच्यात तीनच घरं मोकळी ठेव. धाव पुरी होतच नाही! दारावर हत्ती घालता येऊ नये म्हणून वाट वळवायची, ही किल्ला बांधणाऱ्यांची युक्ती खेळाच्या नियमांत अशी अलगद बसते. मला हे हिशेब करताना अंगावर काटा आला होता.

पिक्सेलचं थोडक्यात सांगतो. चाळीस बाय तीस घरांचा नकाशा घराला १०० पिक्सेल धरून काढ, म्हणजे ४००० बाय ३०००. २०० धरलेस तर चित्र देखणं दिसेल, पण वेबपी या आटोपशीर प्रकारात बदलून फाइल कितीही लहान केली तरी उघडल्यावर प्रत्येक पिक्सेल मेमरीत चार बाइट खातोच. १०० ला ते ४८ एमबी होतं, २०० ला १९२. आपल्या टोरांटोवाल्या खेळाडूचा लॅपटॉप जुना आहे, त्याला ते झेपायचं नाही. चित्र बाहेर काढताना ग्रिडच्या, म्हणजे घरांच्या, रेघा बंद ठेव. फाउंड्री स्वतःच्या रेघा काढते, आणि दोन्ही असल्या की डोळ्यांना त्रास होतो. सगळं लावून झाल्यावर वरचा डावा कोपरा बघून समाधान मानू नकोस, खालचा उजवा बघ. घराचं माप अर्ध्या पिक्सेलनं जरी चुकलेलं असलं तरी चाळीस घरं ओलांडेपर्यंत ते वीस पिक्सेल सरकलेलं असतं.

भिंतींची रेघ दगडाच्या कडेवर ओढू नकोस, थोडी आत, दगडाच्या जाडीत ओढ. कडेवर ओढली तर भिंतीचा दर्शनी भागही काळोखात जातो आणि खेळाडूला आपण कशाला अडलोय तेच कळत नाही. डंजनड्राफ्टमधून युनिव्हर्सल व्हीटीटी फाइल काढलीस तर तिथे काढलेल्या भिंती, दारं, दिवे फाउंड्रीत मोड्यूलमार्फत आपोआप येतात. त्या घे, पण कातळाच्या कडा हातानं ओढाव्याच लागतील. आणि टोकं जुळव. बोटभर फट राहिली तरी मशालीचा उजेड तिच्यातून पलीकडे जातो, आणि लपवून ठेवलेला पहारा दिसतो.

खरी गंमत जंग्यांची, म्हणजे तटातून मारा करायच्या भोकांची, आहे. आतल्याला बाहेरचं दिसावं, बाहेरच्याला आतलं दिसू नये. फाउंड्रीच्या अकराव्या आवृत्तीपासून भिंतीला अंतराची अट घालता येते: ठरावीक अंतराच्या आत असलेल्यालाच पलीकडचं दिसतं, लांबच्याला नुसती भिंत. जंगीएवढा भिंतीचा तुकडा तोड, त्याला पाच फुटांची अट घाल आणि हालचाल मात्र पूर्ण बंद ठेव. जंगीला डोळा लावून बसलेल्या पहारेकऱ्याला अख्खी वाट दिसेल, आणि खालून येणाऱ्याला फक्त दगड. शत्रू भिंतीला येऊन भिडलाच तर त्यालाही आत डोकावता येईल, तेही बरोबरच आहे. जंगीमागच्याच्या बचावाला आडोशाचे अधिक पाच द्यायला विसरू नकोस, नियमांत जंगीला तीन चतुर्थांश आडोसाच धरलाय. बुरुजावरच्या टोकनांना उंचीही लिहून ठेव, नाहीतर वरचा आणि खालचा एकाच जमिनीवर आहेत असं सगळे धरून चालतात.

चोरदरवाजा चित्रातून पुसून टाक. तू तो फिकट काढला आहेस, पण आपल्या नाशिककरणीची नजर तुला ठाऊक आहे. चित्रात सलग तट ठेव आणि भिंतीत गुप्त दार घाल, त्याची खूण खेळ चालवणारा म्हणून फक्त तुलाच दिसते.

रात्रीचा प्रसंग आहे, तेव्हा नकाशाभर उजेड नको. मशाल चार घरं लख्ख आणि पुढची चार अंधूक उजळते. देवडीत एक, दाराशी एक, बास. वाट अंधारातच राहू दे. मशाल घेऊन चढायचं की चाचपडत, हे त्यांचं त्यांना ठरवू दे.

काहीजण म्हणतात, हे सगळं संगणकाचं कौतुक, खऱ्या टेबलावर याची गरज पडत नाही. मला ते पटत नाही. १८२४ मध्ये प्रशियात राइसविट्झचा युद्धखेळ आला, तेव्हाही मध्ये पंच असे आणि प्रत्येक बाजूला शत्रूचं जेवढं दिसायला हवं तेवढंच तो दाखवी. आपण त्या पंचाचं अर्धं काम भिंतींवर सोपवतोय, म्हणजे तू मोकळेपणानं माणसं रंगवू शकशील. तुझा तो म्हातारा किल्लेदार मला फार आवडलाय, त्याला बोलायला वेळ मिळायला हवा.

भिंती ओढून झाल्या की एक साधं टोकन घे, त्याच्या नजरेनं पायथ्यापासून दारापर्यंत एकेक घर चढ, आणि दार आधी दिसलं तर कुठून दिसलं ते टिपून ठेव. बुधवारपर्यंत फाइल पाठव. मी शत्रूच्या बाजूनं हत्ती घेऊन चढून बघतो, आणि जिथे शिरता येईल तिथे खूण करून परत पाठवतो.

तुझा,
अप्पा