रिपोर्टातलं ‘निगेटिव्ह’ वाचून आम्ही पेढे आणायला निघालो होतो

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्याच्या पानावर स्तनाच्या कॅन्सरवर लेख आला होता, पहिलं मूल लवकर झालं, बाळाला अंगावर पाजलं की धोका कमी होतो असं त्यात होतं. ते चूक नाहीये, पण अर्धंच आहे, आणि त्या अर्ध्या माहितीपायी आमच्या घरात सात महिने वाया गेले म्हणून लिहायला बसले.

माझी मावशी लालबागला राहते. पहिलं पोर एकोणिसाव्या वर्षी, एकूण चार, चौघंही दीड-दोन वर्षं अंगावर प्यायली. ब्लाउजचे हूक लावताना डाव्या बाजूला वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागलं तर म्हणाली, मला गं काय व्हायचंय, चार पोरं पाजलीत मी. आम्हालाही पटलं ते. सात महिन्यांत त्याची सुपारीएवढी गाठ झाली, वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसायला लागली तेव्हा कुठे धावपळ सुरू.

बायोप्सीचा रिपोर्ट आला, ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. मावसभाऊ चप्पल घालून पेढे आणायला निघाला, कारण कोविडपासून आपल्याला निगेटिव्ह म्हणजे सुटलो एवढंच माहीत. कॅन्सर आहेच, पण हा ‘ट्रिपल निगेटिव्ह’ आहे, म्हणजे गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन या हार्मोनना पकडणारे रिसेप्टर (तेच ईआर, पीआर) नाहीत त्यामुळे टॅमॉक्सिफेनसारख्या हार्मोनला अडवणाऱ्या गोळ्या लागू पडत नाहीत, आणि हर-टू हे पेशी वाढवणारं प्रोटीनही जास्त नाही म्हणून त्यावरचं इंजेक्शनही नाही, मुख्य भिस्त केमोवर, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही एका सिस्टरने बाकड्यावर बसून समजावलं म्हणून.

लवकर मूल होण्याचा जो फायदा सांगतात तो मुख्यतः हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरच्या बाबतीत दिसतो. दूध पाजण्याने ट्रिपल निगेटिव्हचा धोकाही थोडा कमी होतो पण हमी कसलीच नाही. 2002 साली 30 देशांतल्या 47 अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली होती, त्यात दर बाळंतपणामागे धोका साधारण 7 टक्के आणि एकूण 12 महिने दूध पाजण्यामागे 4.3 टक्के कमी निघाला. कमी म्हणजे शून्य नव्हे ना!

आणि हेच उलटं पण होतं. आमच्याच चाळीत एकीला मूल नाही, तिला गाठ निघाली तर बायका तिच्या तोंडावर म्हणाल्या, मूल झालं असतं तर ही वेळ आली नसती. पाळी कधी आली, कधी गेली, पहिलं मूल कितव्या वर्षी हे डॉक्टर विचारतात ते धोक्याचा अंदाज घ्यायला, दोष द्यायला नाही. मला त्या बोलण्याचा अजून राग येतो.

टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईतल्याच झोपडपट्ट्यांमध्ये दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला, त्यातल्या निम्म्यांची ट्रेनिंग घेतलेल्या बायकांकडून दर दोन वर्षांनी नुसती हाताने तपासणी केली, तर पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्के कमी झाले, हे 2021 मध्ये छापून आलंय. त्या तपासणीत पोरं किती हे बघून कुणाला वगळलं नव्हतं. लेखात हे यायला हवं होतं.

मावशीचे चार केमो झालेत, अजून बाकी आहेत. एक विनंती, ईआर, पीआर, हर-टू म्हणजे काय ते साध्या मराठीत चौकट करून छापा. कात्रण तिच्या फाईलला लावेन, केमोला शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या बायकाही तेच विचारत असतात.

— एक वाचक भगिनी, लालबाग, मुंबई