दादा, कीबोर्डला हात न लावता शिकवलंस त्याबद्दल थँक्यू

प्रिय दादा,

तू बेंगळुरूला गेलास तेव्हा सामानाच्या गडबडीत नीट बोलणंच झालं नाही, म्हणून आता लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण नवीन माणसाला शिकवायचं कसं हे लोकांनी तुझ्याकडून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

बाबांची अभ्यासिका तुला माहितीच आहे, सदाशिव पेठेत गल्लोगल्ली आहेत तशीच एक, एमपीएससीची मुलं, सकाळची शिफ्ट, संध्याकाळची शिफ्ट, फुल डे, लॉकर, डिपॉझिट आणि सगळ्याचा हिशोब एका रजिस्टरमध्ये. मी बीकॉमवाली, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा यूट्यूबवर बघून थोडंफार येत होतं तेवढंच. ह्याचं सॉफ्टवेअर करायचंय म्हटलं तर तू आठवडाभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून ये-जा करून शनिवारी सुट्टी असताना काउंटरवर माझ्या शेजारी येऊन बसायचास, आणि एकदाही लॅपटॉप स्वतःकडे ओढला नाहीस. तुला ते सगळं एका बैठकीत करून देता आलं असतं, मला माहितीये.

आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (ह्या कामापुरती पायथनची वेगळी जागा), मग पिप ह्या इन्स्टॉल करायच्या टूलने जँगो, म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बनवायचा तयार सांगाडा, मग त्याच्या डॉक्युमेंटेशनमधलं ते पोल्सचं ट्युटोरियल. ते पूर्ण होईपर्यंत अभ्यासिकेचं नाव काढायचं नाही म्हणालास. प्रोजेक्ट (अख्खी साइट) वेगळा आणि त्याच्या आतली ॲप्स (एकेका कामाचे भाग) वेगळी हे मला त्यातच कळलं. नंतर कागद घेऊन विचारलंस, सीट कोणती हे माहीत नसताना फीची पावती फाडता येते का? येते ना, मग ते ॲप वेगळं. सभासद, सीट, फी अशी तीन ॲप्स झाली, प्रत्येकाची मॉडेल्स, म्हणजे कोणती माहिती साठवायची त्याचे आराखडे, आपापल्या फोल्डरमध्ये आणि सेटिंग्जमधल्या इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीत तिघांची नावं.

मग ॲडमिन, म्हणजे माहिती भरायची जँगोची तयार स्क्रीन! एका ओळीत मॉडेल रजिस्टर केलं आणि फॉर्म, यादी, सेव्हचं बटण सगळं तयार, मी बघतच राहिले. तेव्हा चहा पिता पिता तू सांगितलंस की जँगो अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात जन्मलं, रोजच्या रोज मजकूर भरायला तिथल्या लोकांना सोपी स्क्रीन हवी होती, आणि २००५ मध्ये त्यांनी ते बीएसडी लायसन्सखाली सगळ्यांसाठी खुलं केलं. लांबच्या गावातल्या कोणी केलेलं काम पेठेतल्या अभ्यासिकेला फुकट मिळतं, ह्याचं मला अजून अप्रूप वाटतं. यादीत मात्र सगळीकडे 'मेंबर ऑब्जेक्ट (१)', 'मेंबर ऑब्जेक्ट (२)' असंच दिसत होतं. तू काहीच बोलला नाहीस, फक्त म्हणालास, ह्याला नाव कोण सांगणार? मग मी शोधून मॉडेलमध्ये ते एसटीआरचं फंक्शन लिहिलं आणि नावं दिसायला लागली.

पण मला सगळ्यात जास्त काय आठवतं सांगू, ते ऑन डिलीट. पावतीला सभासद जोडताना जँगो विचारतंच की तो सभासद डिलीट झाला तर पावतीचं काय करायचं, ते लिहिल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही. नेटवर बहुतेक ठिकाणी कॅस्केड दिसतं, म्हणजे सभासदाबरोबर पावतीही डिलीट. तू विचारलंस, पोरगा परीक्षा पास होऊन गेला आणि तू त्याचं नाव काढलंस, तर त्याने भरलेले पैसे पण वहीतून गेले पाहिजेत का? मी म्हटलं छे, बाबा हिशोब कसा लावणार! मग आपण प्रोटेक्ट घातलं. आता पावत्या असलेल्या सभासदाला ॲडमिन डिलीटच करू देत नाही, कोणत्या पावत्यांमुळे अडलंय तेही दाखवतं, आणि सोडून गेलेल्यांसाठी आम्ही सोडल्याची तारीख टाकतो. हे तू नुसतं टाइप करून दिलं असतंस तर मला त्यामागचं कारण कधीच कळलं नसतं.

सीट, शिफ्ट आणि महिना मिळून युनिक ठेवायचं हे नंतर मलाच सुचलं. एकच सीट एकाच शिफ्टला दोघांना दिली गेली की सकाळी सात वाजता दारात जी भांडणं व्हायची ती आता होत नाहीत. फील्डची नावं मराठीत दिलीयेत, त्यामुळे 'जमा रक्कम', 'बाकी' असं वाचून बाबा स्वतः एंट्री करतात.

आणि तू गेल्यावर मी डब्याचं ॲप केलं, कोणाचा डबा चालू, कोणाचा बंद. आधीच्या तीन ॲप्सच्या कोडला हात लावावा लागला नाही, यादीत एक नाव वाढवलं आणि मायग्रेट केलं (म्हणजे डेटाबेसमध्ये नवीन टेबल तयार केलं), बास. त्या कागदावर विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ मला त्या दिवशी पुरता समजला.

थँक्यू दादा, खरंच खूप खूप आभार. आता थकबाकी दाखवणाऱ्या पानासाठी टेस्ट (कोड बरोबर चालतोय का ते तपासणारा कोड) लिहायला घेतल्यात, कोड ठेवलेल्या रिपॉझिटरीचा ॲक्सेस तुझ्याकडे आहेच, वेळ मिळाला की बघ आणि चुकत असेल तिथे पूर्वीसारखा नुसता प्रश्न लिहून ठेव. पुण्यात आलास की घरी जेवायलाच यायचं, आई सारखी विचारत असते.