सत्कार नको म्हणालात ना काका, मग हे पत्र घ्या

काका,

आपल्या मराठी ग्रुपने तुमचा सत्कार करायचं ठरवलं तर तुम्ही एका वाक्यात उडवून लावलंत, "शाल शिकागोत उपयोगाची आहे तेवढी पाठवा, नारळ आणि भाषणं तुम्हीच ठेवा." म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. डिलीट कर म्हणालात तरी करणार नाहीये.

आता जरा शांत वाटतंय तर लोक विसरायलाही लागलेत, पण मला २०२५चा सप्टेंबर नीट आठवतोय. ६ तारखेला अनंत चतुर्दशी, आणि ८ला ते 'ऑपरेशन मिडवे ब्लिट्झ', म्हणजे शिकागोतली इमिग्रेशनची धरपकड मोहीम, जाहीर झालं. त्याच आठवड्यात शिकागोजवळच्या फ्रँकलिन पार्कमध्ये मुलांना सोडून निघालेल्या एका बापाला आइसच्या, म्हणजे इमिग्रेशनवाल्या सरकारी खात्याच्या, एजंटने गोळी घातली, तो गेला. महिनाअखेरीला साउथ शोअरच्या एका बिल्डिंगवर मध्यरात्री ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर घेऊन धाड, आणि त्यात इथल्या नागरिकांचेसुद्धा हात बांधून त्यांना बाहेर काढलेलं. आणि आपल्या ग्रुपवर काय चाललेलं? "आपण लीगल आहोत, आपल्याला काय टेन्शन." पण मधेच, १९ सप्टेंबरला, एच-१बीवर (आपल्यातल्या बहुतेकांचा नोकरीचा व्हिसा) एक लाख डॉलर फीची घोषणा झाली तेव्हा मात्र तोच ग्रुप रात्रभर जागा, कोण पुण्यात अडकलंय, कोणाचं तिकीट कॅन्सल करायचंय, वकिलाचा नंबर द्या, नुसता गोंधळ.

त्या गोंधळात तुम्ही एकच मेसेज टाकलात. फेब्रुवारीत अमृतसरला जे लष्करी विमान उतरलं, अमेरिकेने परत पाठवलेले १०४ लोक, बेड्या घालून आणलेले, त्यातले तिघं महाराष्ट्रातले होते, त्यांची विचारपूस आपल्यापैकी कोणी केली का? बास, एवढंच. दहा मिनिटं कोणी काही लिहिलं नाही आणि मग कोणीतरी गुलाबाच्या फुलाचं गुड मॉर्निंग टाकलं (कोणी ते सगळ्यांना माहितीये, नाव घेत नाही).

तुमच्या बेसमेंटमध्ये चहा-पोह्यांवर आम्हाला बोलावलंत तेव्हा मला वाटलेलं आता लेक्चर ऐकावं लागणार. पण तुम्ही सांगितलंत ते आम्हा इतकी वर्षं इथे राहणाऱ्यांना माहीतच नव्हतं. शिकागोत १९८५ला मेयर हॅरल्ड वॉशिंग्टननी ऑर्डर काढली की शहराच्या ऑफिसात आणि पोलिसांनी कोणाला इमिग्रेशनचं विचारत बसायचं नाही. पुढे २०१७चा इलिनॉयचा ट्रस्ट अ‍ॅक्ट, नुसत्या इमिग्रेशनच्या कागदावर इथल्या पोलिसांनी कोणाला डांबून ठेवायचं नाही, आणि त्याच्यावर सही करणारे गव्हर्नर ब्रूस राउनर रिपब्लिकन होते हे ऐकल्यावर आपल्यातल्या दोघांचे चेहरे बघण्यासारखे झालेले! तुमचं म्हणणं सरळ होतं, गावचे पोलीस धरून देत नाहीत म्हणून ही आइसची मंडळी स्वतः रस्त्यावर उतरलीत, मग गावानेही रस्त्यावर असायला नको का. आणि दारावर कोणी आलं तर आधी कागद काचेतून दाखवायला सांगा, सही जजची आहे की त्यांच्याच ऑफिसातल्या साहेबाची ते बघा, साहेबाची असेल तर दार उघडायची सक्ती नाही. हे तुम्ही आम्हाला तिथल्या तिथे घोकून घ्यायला लावलंत.

आता माझ्या आईबद्दल. ती तेव्हा सांगलीहून आलेली, व्हिजिटर व्हिसावर, आणि साडी, वर माझं जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज अशी रोज सकाळी फिरायला जाणारच. मी तिला घरात बस म्हणत होते आणि ती माझ्याशी बोलत नव्हती. तुम्ही आलात, तिला म्हणालात वहिनी खुशाल फिरा, फक्त हे गळ्यात असू द्या. प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये पासपोर्टची कॉपी आणि आय-९४चा (देशात आल्याच्या नोंदीचा) प्रिंट, कारण १८च्या वरच्या परदेशी माणसाने कागद जवळ बाळगायचा हा इथला कायदाच आहे. आणि त्याच दोरीला आपल्या लेझीमच्या पेटीतली शिट्टी. तोपर्यंत शहरभर लोक शिट्ट्यांची पाकिटं भरून वाटत होते, सोबत माहितीचं पत्रक, तुटक तुटक वाजवली तर आइसवाले आसपास आहेत, लांबलचक वाजवली तर कोणाला तरी धरतायत. आईने हॉलमध्ये दोन्हीची प्रॅक्टिस केली, खालच्यांचा कुत्रा वेडा झाला.

शाळेच्या कोपऱ्यावर तुम्ही रोज उभे, बायपास झालेला माणूस, कानटोपी घालून. आमच्या गल्लीतल्या ज्या आया घराबाहेर पडायला घाबरत होत्या त्यांच्या पोरांची रांग करून तुम्ही आणि त्या रिटायर्ड लायब्ररीवाल्या बाई शाळेत सोडत होतात. तमाले (मक्याच्या पिठाचा मेक्सिकन पदार्थ) विकणाऱ्या ताई पण त्यातल्याच, त्यांचा मुलगा माझ्या लेकीच्या वर्गात. सायकलवाले लोक अशा विक्रेत्यांचा सगळा माल सकाळीच विकत घेऊन त्यांना घरी पाठवत होते, ते वाचून तुम्ही आमच्याकडून काँट्री काढलीत आणि त्यांचा अख्खा कूलर रिकामा केलात. तुम्ही स्वतः कट्टर शाकाहारी, त्या मक्याच्या पिठात डुकराची चरबी असते हे कळल्यावर हातातलं पुडकं असं लांब धरलेलंत की ताईच हसायला लागल्या! मग सगळा माल गरजूंना अन्न वाटणाऱ्या पँट्रीला गेला. पुढच्या वेळी त्यांनी तुमच्यासाठी तेलातले चार वेगळे आणले, पुडक्याला हिरवा दोरा बांधून, ते तुम्ही कोणाला दिले नाहीत हेही मी बघितलंय.

आणि ती ऑक्टोबरमधली सकाळ. काळ्या काचांची एसयूव्ही कोपऱ्यावर थांबली, आत तोंडं झाकलेली माणसं. तुम्ही नियमाप्रमाणे तुटक शिट्टी दिलीत. आईने मात्र टेन्शनमध्ये पूर्ण दम लावून लांबलचक वाजवली, थांबेचना, आणि त्यामुळे अख्खी गल्ली बाहेर, कोण बाथरोबमध्ये, कोण दात घासताघासता, सगळ्यांच्या हातात फोन. तुम्ही फुटपाथवरूनच, अंतर ठेवून, त्या पुणेरी इंग्लिशमध्ये "गुड मॉर्निंग जंटलमेन, हू आर यू लुकिंग फॉर" विचारलंत. उत्तर नाही. थोड्या वेळाने गाडी निघून गेली. पोरं वर्गात पोचलेली.

शिट्टीने सगळं थांबलं असं कोणी म्हणत नाही. ५ नोव्हेंबरला नॉर्थ साइडच्या एका डेकेअरमध्ये घुसून एजंटांनी तिथल्या एका टीचरना उचललं, पालकांनी, शेजाऱ्यांनी आवाज उठवला, कोर्टात गेलं, तेव्हा आठवड्याभराने त्या सुटल्या. त्या संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला, म्हटलं काका याचा काय उपयोग, आणि तुम्ही म्हणालात उद्या पाऊस आहे, छत्री मोठी आण, पोरं सहा आहेत. राग आलेला मला तेव्हा. पण आणली छत्री.

थँक यू काका. माझ्या लेकीसाठी, आईसाठी, आणि ग्रुपवरच्या त्या एका मेसेजसाठी पण, त्यानंतर आपल्यातले बरेच जण न सांगता कोपऱ्यावर यायला लागले, गुलाबवालेसुद्धा.

आईने सांगलीहून भडंग पाठवलंय, त्यातली दोन पाकिटं तुमच्या नावाची, एक तमालेवाल्या ताईंचं, तिखट आहे हे त्यांना तुम्हीच सांगा. शनिवारी सकाळी घेऊन येते, काकूंना चहा टाकायला सांगा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची