घाटंजी रोडवरच्या वायरमन काकाजींना जाहीर धन्यवाद

काकाजी, नमस्कार.

तुमच्याकडे साधा बटनाचा फोन आहे म्हणून हे तुमच्या पोरीच्या मोबाइलवर पाठवून राहिलो, तिला सांगितलं की दुकान बंद झाल्यावर निवांत वाचून दाखव. आणि सगळ्यांना दिसेल असं मुद्दाम टाकतो आहे, कारण त्या रात्री तुमच्या अंगणात मी तुम्हाला धड धन्यवादही म्हटलं नाही. बाबाला थंडी वाजत होती, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, लाइट लागले तसा गिअर टाकला आणि निघालो. ते मनात राहून गेलं.

बाकीच्यांना माहीत नाही म्हणून थोडं सांगतो. काकाजी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात. माझ्या बाबाचं डायलिसिस यवतमाळला होते, हप्त्यातून दोन वेळा, बुधवार आणि शनिवार. नंबर संध्याकाळचा मिळाला आहे, चार तास मशीनवर, मग पट्टी दाबून धरा, बीपी पाहा, हे सगळं होऊन निघेपर्यंत नऊ वाजतात. तिथून आमचं गाव चाळीसेक किलोमीटर, घाटंजी तालुक्यात, आणि मधात जंगल. डिसेंबरात रस्त्याच्या दोन्ही बाजूला डोक्याएवढ्या तुरी उभ्या असतात, त्यातून रोही, म्हणजे नीलगाय, कधी उडी मारून रोडवर येईल सांगता येत नाही, रानडुकरं तर लाइनच लावून निघतात, आणि कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, मागे ना लाल काच ना रिफ्लेक्टर. म्हणजे रात्रीच्या त्या रोडवर हेडलाइट नीट असणं ही आमच्यासाठी चैन नाही, बाबाच्या औषधाच्या डब्याइतकीच ती लागते.

आणि माझे लाइट दिवाळीपासून बिघडले होते. डावा लाइट पिवळा पडला होता, कंदिलासारखा. डावं इंडिकेटर दिलं की तो त्याच्यासोबत कमीजास्त व्हायचा. अप्पर, म्हणजे लांबचा झोत, मारला की कधी कधी अजूनच मंद. मी गाडी घेऊन शहरातल्या एका गॅरेजात गेलो, त्यांनी बल्ब बदलला. आठ दिवसांनी पुन्हा तेच, तर म्हणाले हेडलाइटची पूर्ण असेंब्ली खराब आहे, ती बदलली. मग बॅटरी बदलायला सांगितली. मधात एका अॅक्सेसरीच्या दुकानातून मी १००/९० वॅटचे (अप्परला १००, खालच्या झोताला ९०) बल्ब टाकून घेतले, उजेड पाहिजेच होता, तो म्हणाला हे टाका, दिवसासारखं दिसेल. दोन दिवस दिसलंही. मग अप्परवर फ्यूज उडायला लागला, तर त्याच दुकानात १५ अँपिअरचा फ्यूज काढून ३० चा बसवून दिला. सगळं मिळून नऊ हजारांच्या वर गेले, बाबाच्या इंजेक्शनचे पैसे बाजूला ठेवले होते त्यातूनही काढले, आणि डावा लाइट पिवळाच.

त्या शनिवारी जंगलातला उतार उतरून येऊन राहिलो होतो, एका खड्ड्यात गाडी आदळली आणि दोन्ही हेडलाइट एकदम बंद. पूर्ण अंधार. मागच्या सीटवर बाबा घोंगडी घेऊन झोपलेले. ब्रेक मारला तेव्हा आपण रोडवर आहो की खाली उतरलो हेही कळत नव्हतं. पार्किंग लाइट लागत होते, हॉर्न वाजत होता, इंडिकेटर लागत होतं, फक्त हेडलाइट नाही. चारही इंडिकेटर चालू करून पंधरा मिनिटं तसाच उभा होतो, मग एक मोटरसायकलवाला भाऊ आला, त्याचं नावही विचारायचं राहिलं, तो म्हणाला माझ्या मागं मागं या, पुढच्या गावात वायरमन आहे, दुकान बंद असेल पण माणूस उठते. त्याच्या लाल लाइटवर नजर ठेवून दहा-पंधराच्या स्पीडनं तुमच्या दारात आलो.

तुम्ही झोपेतून उठून आले, डोक्याला मफलर, हातात टेस्ट लॅम्प. काय झालं, कसं झालं हे विचारायच्या आधी मागच्या सीटवर पाहिलं आणि काकूंना आवाज दिला, "अवं, चहा ठेव, पेशंट हाय गाडीत." मी सांगितलं की बाबाला पाणी मोजून प्यावं लागते, तर काकूंनी एवढ्याशा कपात दोन घोट चहा आणून दिला आणि शेकायला निखारे घातलेलं घमेलं गाडीच्या दाराजवळ ठेवलं. काकूंनाही हे पत्र वाचून दाखवा.

मग तुम्ही मला म्हणाले, "लाइटचं बटन दाब अन् कान दे." मी बटन दाबलं. बॉनेटच्या आत टक् असा आवाज आला. तुम्ही म्हणाले, "आलं? मंग बटन बराबर हाय, रिलेची कॉइलबी बराबर हाय. पुढं करंट जाऊन नाइ राहिला." रिले म्हणजे बटनाच्या थोड्या करंटवर आतली कॉइल ओढून लाइटचा मोठा करंट चालू करणारी डबी. टेस्ट लॅम्प लावून दाखवलं, रिलेच्या ३० नंबरच्या टोकावर बॅटरीचा करंट येत होता आणि ८७ वर, जिथून तो लाइटकडे निघतो, काहीच नाही. हॉर्नचा रिले तसाच, त्याच्यावर तोच नंबर छापलेला. तुम्ही तो काढून हेडलाइटच्या जागी बसवला आणि अंगण उजळलं. दोन मिनिटं लागली असतील. "हॉर्न नाइ वाजनार आता, पन घरी जाशीन. मोडावर अप्पर-डिपर दे." मग एक लांब वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं डाव्या लाइटच्या अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जातो त्या, पिनेला लावलं, आणि दिवाळीपासून पिवळा असलेला लाइट माझ्या डोळ्यादेखत पांढरा झाला. वायर काढली की पिवळा, लावली की पांढरा. तीन वेळा करून दाखवलं तुम्ही. मी पैसे काढले तर म्हणाले, "रातचे पैसे नाइ घेत मी. सकाळी ये, खरं काम बाकी हाय, हे फक्त घरी पोचाचं केलं."

सकाळची गोष्ट मला जास्त सांगायची आहे.

मी आलो तर तुम्ही मीटर माझ्याच हातात दिला. मला वाटलं काकाजी काम करतील, मी बाजूला चहा पिईन, तर तुम्ही म्हणाले, "बाप तुया, गाडी तुयी, रातचा रोड तुया. मंग समजलंबी तुलेच पाह्यजे." गाडी चालू होती, बॅटरीवर १४.१ व्होल्ट. मी सांगितलं की गॅरेजवाल्यानंही मोजलं होतं, डाव्या सॉकेटवर १२ व्होल्ट बरोबर येत होते, म्हणून तो वायरिंग ओके म्हणाला. तुम्ही विचारलं, बल्ब काढून मोजलं का लावून? काढून मोजलं होतं. तेव्हा तुम्ही जे बोलले ते मी विसरणार नाही, "खुट्याले बांधेल बैल सारेच तगडे दिसते बाबू, बंडीले जुपल्यावर समजते." बल्ब लावून, लाइट चालू ठेवून, सॉकेटच्या मागून पिना टोचून मोजलं तर १०.८. बल्ब काढला की करंटच वाहत नाही, म्हणून गंजलेल्या जोडावरही व्होल्टेज पूर्ण दिसते. एवढी साधी गोष्ट दोन महिने कोणी सांगितली नव्हती.

मग हरवलेले ३.३ व्होल्ट शोधायला लावले. मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर आणि काळी बल्बच्या प्लसवर, लाइट चालूच, ०.८ आले. मग एक पिन बल्बच्या अर्थवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर, आणि आले २.५! मी तर पाहतच राहिलो. तिथं शून्याच्या जवळ काहीतरी पाहिजे होतं. तुम्ही बॅटरीचा ट्रे काढायला लावला, त्याच्या खाली बॉडीला एक बोल्ट, त्याला काळी वायर, आणि त्याच्यावर हिरवं-निळं बसलेलं, अगदी मोरचूदासारखं. बॅटरीचं अॅसिड वर्षानुवर्षं झिरपून तांब्याला खाऊन गेलं होतं. डावा हेडलाइट, डावा पार्किंग, डावं इंडिकेटर, तिघांचा अर्थ त्याच एका बोल्टवर. म्हणून इंडिकेटरसोबत लाइट नाचत होता, करंटला परत जायला रस्ता नाही तर तो दुसऱ्या बल्बच्या तारेतून वाट काढत होता.

"करंट म्हंजे यष्टी हाय," तुम्ही म्हणाले. "डेपोतून निंगाली तं डेपोत वापस आली पाह्यजे. सारे मेकॅनिक जातानाची गाडी पायते, येतानाची कोनी नाइ पायत." मी त्या दिवसापासून कुठल्याही वायरकडे पाहिलं की मला आमची मुक्कामी यष्टी आठवते.

पॉलिश पेपरनं बॉडी घासून चकचकीत करायला लावली मला, वायरचं कुजलेलं टोक कापून नवीन थिंबल, म्हणजे बोल्टमध्ये अडकवायची धातूची कडी, दाबलं, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस. मग जुना रिले उघडून दाखवला, आतला पॉइंट जळून काळा झाला होता. का जळला, तर त्या १०० वॅटच्या बल्बमुळे. हिशोब तुम्ही दुकानाच्या पाटीवर खडूनं केला. कंपनीचा बल्ब ६०/५५, अप्परला दोन मिळून १२० वॅट, भागिले १२, म्हणजे १० अँपिअर. माझे १०० चे दोन, २०० भागिले १२, साडेसोळाच्या वर. रिले, सॉकेट, वायर सगळं १० च्या हिशोबानं दिलेलं. उजव्या बाजूचं सॉकेट काढलं तर प्लास्टिक वितळून बल्बच्या पायाला चिकटलेलं. आणि तो ३० चा फ्यूज पाहून तुम्ही खरंच चिडले, पहिल्यांदाच आवाज चढला तुमचा. "फ्यूज जळासाठीच असते! थो नाइ जळला तं वायर जळते, मांगं बाप झोपेल हाय तुया." मी काहीच बोललो नाही. हे मात्र इथं सगळ्यांसाठी लिहितो, फ्यूज उडून राहिला तर मोठा टाकू नका, तार गुंडाळू नका, तो का उडतो ते शोधा. कोणाच्या गाडीत असेल तर आजच पाहा.

दोन्ही सॉकेट नवीन, बल्ब पुन्हा ६०/५५ चे, फ्यूज १५ चा, रिले नवीन आणि हॉर्नचा रिले त्याच्या जागी परत. बल्ब बसवताना काचेला बोट लावू दिलं नाही, हाताचं तेल लागलं की तिथं काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जाते. सगळं झाल्यावर पुन्हा मोजलं, अर्थकडे ०.१, प्लसकडे ०.४, बल्बवर १३.६. तुम्ही म्हणाले १०.८ वर हा बल्ब निम्माही उजेड देत नाही, व्होल्टेज थोडं पडलं तरी उजेड भलता पडते. म्हणजे मी उजेडासाठी मोठे बल्ब विकत घेत होतो आणि माझा अर्धा उजेड बॅटरीखालच्या एका बोल्टवर गंजून पडला होता. शाळेच्या भिंतीसमोर गाडी लावून लाइटची उंचीही बसवून दिली, समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून, आणि मागं बाबा आणि सामान असते हे लक्षात ठेवून बसवली.

तीन तास गेले तुमचे. बाहेर दोन ट्रॅक्टर आणि एक पिकअप थांबून होते, एक जण कुरकुरतही होता. बिल झालं ८४० रुपये, सामानासकट. मी हजार दिले तर १६० मोजून परत केले.

काकाजी, पार्ट बदलून पैसे घेणं तुम्हाला सोपं होतं. मी घाबरलेलो होतो, तुम्ही जे म्हणाले असते ते मी बदललं असतं, पाच हजार मागितले असते तरी दिले असते. तुम्ही मला शिकवत बसले. दवाखान्यात, गॅरेजात, दुकानात, दोन वर्षांपासून मी फक्त लोक सांगतील ते ऐकतो आणि पैसे देतो, काहीच माझ्या हातात नाही असं वाटायला लागलं होतं. तुम्ही मीटर हातात दिला, तेव्हा किती दिवसांनी एक गोष्ट मला स्वतःला समजली. याचे धन्यवाद मला जास्त द्यायचे आहेत.

आणि एक सांगायचं राहिलंच. मागच्या बुधवारी जोडमोह्याकडून येणारा एक कापसाचा पिकअप रोडच्या बाजूला अंधारात उभा दिसला, ड्रायव्हर पोरगा वीस-बावीसचा, एक लाइट पूर्ण बंद, दुसरा मंद. मी गाडीतली वायर काढली, तुम्ही दिलेलीच, आधी अर्थ देऊन पाहिला. मंद होता तो लागला एकदम. दुसऱ्याचा बल्बच गेला होता, तो सकाळी टाक म्हटलं, माझ्या मागं मागं चल. त्याला तुमचा पत्ता सांगितला आहे. यष्टीची गोष्टही सांगितली.

बाबा बरे आहेत. येताना आता झोपत नाहीत, पुढच्या सीटवर बसतात आणि रोडकडे पाहत राहतात, कोणाच्या वावरात तूर कशी आहे ते सांगतात, लाइटमध्ये त्यांना दिसते म्हणतात. या हप्त्यात आमच्या तुरीच्या ओल्या शेंगा आणून देतो, काकूंना सोल्याची भाजी करायला सांगा.

बुधवारी आणि शनिवारी दहाच्या सुमाराला तुमच्या घरासमोरून एक गाडी डिपर देऊन जाईल, ते आम्हीच असतो. उठू नका, झोपलेले राहा.