ताट बदलताना गोळीचा डोसही पाहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

श्रावण तोंडावर आला की पुरवण्यांमधून उपवासाच्या पाककृती येऊ लागतात. साबुदाण्याचे थालीपीठ, भगरीचा डोसा, राजगिऱ्याचा शिरा. त्यांतल्या काहींखाली 'मधुमेहींनाही चालेल' अशी ओळ असते. ही ओळ लिहिताना ताटलीत नेमके किती ग्रॅम काय पडते, याचा हिशेब झालेला नसतो. तो मांडावा म्हणून हे पत्र.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या पुढे कर्बोदके असतात, प्रथिने नावापुरतीही नसतात. मध्यम ताटलीभर खिचडीला ७५ ग्रॅम साबुदाणा आणि अर्धा बटाटा लागतो. म्हणजे ७५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके झाली, चहाच्या १५ चमचे साखरेइतकी. दाण्याच्या कुटामुळे आणि तुपामुळे ती रक्तात जरा सावकाश उतरतात, पण उतरतात सगळी. भगरीचे तसेच. वाटीभर शिजलेल्या भगरीत ५० ग्रॅम कोरडी भगर असते आणि ३५ ग्रॅम कर्बोदके. शिंगाड्याचे पीठही या बाबतीत गव्हाच्या पिठाहून हलके नाही.

मधुमेहीने उपवास करू नये, असे आमचे म्हणणे नाही. भगर अर्धी वाटी, ४० ग्रॅम दाण्यांची आमटी, दह्यातली काकडीची कोशिंबीर आणि वर पनीरचे चार तुकडे घेतले तर तेच ताट ३० ग्रॅम कर्बोदकांत बसते आणि पोटही भरते.

उपवासाचे दिवस मोजके असतात. खरा प्रश्न रोजच्या जेवणाचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि आपल्या आहारातले सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात. हे आपल्या घरातल्या ताटावर ताडून पाहता येते. सकाळी बशीभर पोहे: कर्बोदके ५० ग्रॅम. दिवसभरात दोन-दोन चमचे साखरेचे तीन चहा: ३५ ते ४०. दुपारी तीन पोळ्या, भात, वरण: ११०. संध्याकाळी चार बिस्किटे: २०. रात्री दोन भाकऱ्या आणि आमटी: ८५ ते ९०. बेरीज ३००च्या घरात जाते, आणि यात गोडधोड काहीच नाही.

मधुमेहाच्या आहारात १३० ग्रॅमच्या खालच्या दिवसाला कमी कर्बोदकांचा दिवस म्हणतात. इथेच बहुतेकांची गल्लत होते. भात सोडून ज्वारीची भाकरी धरली की झाले, असे समजतात. ज्वारीत तंतू जास्त, हे खरे. पण ज्वारीच्या पिठातही शेकडा ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदके असतातच. ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे ४० ग्रॅम, तर ३० ग्रॅम कणकेची पोळी म्हणजे २०. त्यामुळे दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या खाणाऱ्याची जेवणानंतरची साखर वाढली, तर त्यात नवल नाही. धान्य बदलण्याआधी ते निम्म्यावर आणावे लागते. नाचणीचे सत्त्व, गूळ, मध, ब्राउन ब्रेड यांनाही हाच हिशेब लागू आहे.

धान्य कमी केले की ताटात पडलेली जागा कशाने भरायची, हे ठरले नाही तर आठ दिवसांत माणूस पुन्हा चार पोळ्यांवर येतो. घरच्याच पदार्थांचा एक दिवस असा: सकाळी ४० ग्रॅम मूगडाळीची धिरडी (कर्बोदके २०). दुपारी एक पोळी (२०), मोड आलेल्या मटकीची मोठी वाटीभर उसळ (२०), पालेभाजी आणि दही (१०). चारच्या सुमाराला मूठभर भाजलेले दाणे (५). रात्री अर्धी भाकरी (२०), ३० ग्रॅम बेसनाचे पिठले (१५), वांगे किंवा दोडक्याची भाजी (५). बिनसाखरेचे तीन चहा (८). सगळे मिळून १२०च्या आसपास. यात प्रथिने मात्र ४५ ग्रॅमपर्यंतच येतात. ६० किलो वजनाच्या माणसाला ६० ग्रॅम हवीत, म्हणून दोन अंडी किंवा ७५ ग्रॅम पनीर वर घालावे. मासे खाणाऱ्यांचे काम सोपे आहे, बांगड्यात कर्बोदके नाहीतच. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचे हे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि धान्य सोडले म्हणून तुपालोण्याला मोकळीक देऊ नये. काहींचे एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल वाढते, ते तीन महिन्यांनी तपासून घ्यावे.

जेवताना क्रमही पाळावा. आधी कोशिंबीर, भाजी, उसळ, पोळी-भात शेवटी. तेवढ्यानेही जेवणानंतरचा चढ कमी होतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. चालू असलेल्या गोळ्या न पाहता कर्बोदके कमी करणे धोक्याचे आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात, समोर जेवण असो वा नसो. श्रावणी सोमवारी सकाळी नेहमीची गोळी घेतली, दिवसभर चहावर काढला आणि उपवास संध्याकाळी सोडला, तर दुपारीच रक्तातली साखर ७०च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली येऊ शकते. घाम, थरथर, धडधड, भ्रम. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत घरचे याला उपवासाचा थकवा समजतात आणि झोपू देतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका आहे. आहार बदलण्याच्या किंवा उपवासाच्या आधीच डॉक्टरांना भेटून डोस ठरवून घ्यावा. पुष्कळदा तो निम्मा करावा लागतो, कधी गोळी बंदच करावी लागते.

साखर खाली आली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यातून द्यावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. ७०च्या वर आली नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ दवाखान्यात न्यावे. आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनबरोबर व्होग्लिबोजही असते. व्होग्लिबोज साखरेचे पचन अडवते, त्यामुळे अशा रुग्णाला साखर किंवा बिस्किट देऊन लवकर उतार पडत नाही. त्याला ग्लुकोज पावडरच लागते. गोळीच्या पाकिटावरची नावे आजच वाचून ठेवावीत आणि पावडरचा डबा घरात कुठे आहे, हे सगळ्यांना सांगून ठेवावे.

दुसरा गट डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिनचा. हृदयाला आणि मूत्रपिंडाला ही औषधे गुणकारी आहेत, आणि पेटंट संपल्यापासून स्वस्तही झाली आहेत. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यांच्या जोडीला कर्बोदके फारच कमी केली किंवा निर्जळी उपवास केला, तर रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ, साचून आम्लता वाढू शकते. घातक गोष्ट अशी, की त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर २००च्या आतही दिसते, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणे असे काही झाले तर पुढची गोळी न घेता ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि कीटोन तपासायला सांगावे.

रक्तदाबाच्या गोळ्यांकडेही लक्ष असू द्यावे. कर्बोदके घटली की पहिल्या एक-दोन आठवड्यांत शरीरातून मीठ आणि पाणी जास्त जाते आणि रक्तदाब उतरतो. उठल्यावर चक्कर येते ती बहुधा त्यामुळे. गर्भवती, स्तनदा माता आणि टाइप १ चे रुग्ण यांनी हा आहार स्वतःच्या मनाने मुळीच सुरू करू नये.

व्यायामाबद्दल आपल्याकडे शतपावलीची चांगली सवय आहे. फक्त शंभर पावले एका मिनिटात संपतात. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत १५ मिनिटे, म्हणजे साधारण १५०० पावले चालावे. चालताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. दुपारी १५ आणि रात्री १५ मिनिटे मिळून आठवड्याची १५० मिनिटे सहज भरतात. पावसात घरातल्या घरात चालले तरी चालते.

नुसते चालून भागत नाही. आपल्याकडे वजनकाट्यावर बारीक दिसणाऱ्या माणसाच्याही अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे जगापुढे ठळकपणे मांडले. बारीक मधुमेहीने जेवण तोडले आणि स्नायूंना काम दिले नाही, तर उरलेले स्नायूही झडतात. एक दिवसाआड खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीवर दंड, टाचा उचलणे आणि एक-एक लिटरच्या भरलेल्या बाटल्या उचलणे: प्रत्येकी १० ते १२ वेळा, दोन-तीन फेऱ्या. श्वास रोखू नये. डोळ्यांच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील तर वजन उचलण्याआधी नेत्रतज्ज्ञांना विचारावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल आणि व्यायामाआधी साखर ९०च्या खाली असेल, तर काही खाऊनच सुरुवात करावी. श्रावणात अनवाणी राहण्याचे व्रत असते. पायांना बधिरता असलेल्या मधुमेहींनी ते घेऊ नये. रुतलेला खडा कळत नाही, आणि ओल्या बोटांच्या बेचक्यात जखम चिघळते.

बदलाचा उपयोग होतो का, हे तीन दिवसांत कळते. एकच जेवण निवडून पहिल्या घासाआधी आणि त्यानंतर दोन तासांनी साखर मोजावी. फरक ५०च्या आत राहिला तर ते ताट आपल्याला मानवते. बोट धुऊन कोरडे करावे, आंब्याचा रस लागलेले बोट आकडा फुगवते. पावसाळ्यात पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच लावावे, दमट हवेने पट्ट्या खराब होतात. सकाळची उपाशीपोटीची साखर सर्वांत शेवटी हटते, कारण ती पहाटे यकृत सोडते. तेवढ्यावरून निराश होऊ नये. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, हीही सर्वांना सारखी लागू पडत नाही. लोहाच्या कमतरतेत ते खऱ्यापेक्षा जास्त दिसते आणि सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार असेल तर फसवे येऊ शकते. विदर्भात आणि नंदुरबारकडे हे विशेष ध्यानात ठेवावे.

'मधुमेह मुळापासून बरा' या जाहिरातींबद्दल एवढेच, की औषधे बंद केल्यावर निदान तीन महिने एचबीए१सी ६.५च्या खाली राहिले तर त्याला रेमिशन म्हणतात, बरे होणे म्हणत नाहीत. त्यानंतरही दरवर्षी साखर, डोळे, पाय आणि लघवीतली प्रथिने तपासावीच लागतात. कमी कर्बोदकांचा फायदा पहिल्या सहा महिन्यांत ठळक दिसतो, वर्षाच्या अखेरीस कमी होतो; बऱ्याच अंशी पथ्य सुटते म्हणून. आम्ही २० ग्रॅमचा कडक कीटो आहार न सुचवता १२० ग्रॅमचा सुचवतो, तो यासाठीच.

रमजानच्या रोजांसाठी मधुमेहींचे डोस कसे बदलावेत, याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका डॉक्टरांकडे आहे. सोमवार, एकादशी, संकष्टीसाठीही प्रत्येक दवाखान्याने एका कागदावर कोणती गोळी कधी घ्यायची आणि कोणती टाळायची, हे लिहून द्यावे. आणि आपल्याला विनंती, की यंदाच्या श्रावण पुरवणीत प्रत्येक पाककृतीखाली 'मधुमेहींनाही चालेल' ऐवजी अशी ओळ छापावी: 'एका ताटलीत साबुदाणा ७५ ग्रॅम, बटाटा अर्धा, कर्बोदके सुमारे ७५ ग्रॅम.'

आपल्या,
एक आहारतज्ज्ञ व एक फिजिओथेरपिस्ट, सातारा