रोटरी गाडी पारखताना किलोमीटर नव्हे, कॉम्प्रेशन बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहन पुरवणीत जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या खरेदीवर लेख आला होता. त्यात रोटरी इंजिनच्या गाडीसाठी दोनच सूचना होत्या: कमी चाललेली बघा आणि ऑइल खाणारी टाळा. साध्या पिस्टनच्या इंजिनला या सूचना चालतील. रोटरीच्या बाबतीत मात्र त्या माणसाला नेमक्या चुकीच्या गाडीसमोर नेऊन उभं करतात. मी अशी गाडी घेता घेता थांबले, म्हणून हे पत्र.

मी २३ वर्षं एका कारखान्याच्या तपासणी विभागात होते. हातात मायक्रोमीटर आणि समोर ड्रॉइंग, असं काम. निवृत्तीनंतर माझ्या फार जुन्या आवडीची रोटरी गाडी, माझदा आरएक्स-८, घ्यायची ठरवली. पहिली पाहिलेली गाडी ३८ हजार किलोमीटर चाललेली होती. रंग नव्यासारखा, आतली आसनं कोरी. विकणाऱ्याने अभिमानाने सांगितलं, 'थेंबभर ऑइल खात नाही.' मी पोहोचले तेव्हा बॉनेट गरम होतं, इंजिन आधीच चालू करून ठेवलेलं. आम्ही वीस मिनिटं फिरून आलो. गाडी सुरेख पळाली. मी ती बंद करायला लावली, दहा मिनिटं थांबले आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगितला. स्टार्टर बराच वेळ फिरत राहिला, मग कुठे इंजिनने पकड घेतली. विकणारा म्हणाला, बॅटरी जुनी झाली आहे.

रोटरीत व्हॉल्व्ह नसतात, पिस्टन नसतात. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर घरात फिरतो आणि त्याच्या तीन टोकांवर बसवलेल्या पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, भिंतीला घासत दाब अडवून धरतात. इंजिनचा जीव या सीलमध्ये असतो. जर्मनीच्या एनएसयू कंपनीने १९६७ साली रो ८० ही रोटरी गाडी आणली. तिला युरोपात १९६८ची सर्वोत्तम गाडी ठरवलं गेलं, आणि याच सीलच्या तक्रारींनी, वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता, कंपनी जेरीस आली. जपानमध्ये माझदाचे केनिची यामामोतो आणि त्यांचे सहकारी त्याच काळात या सीलशी झुंजत होते. रोटरच्या घरावर उठणाऱ्या आडव्या ओरखड्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. अखेर त्यांनी कार्बन आणि अॅल्युमिनियमच्या मिश्रणाचे सील वापरून मार्ग काढला आणि १९६७ मध्येच कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आणली. पुढे १९९१ साली माझदाची चार रोटरची ७८७बी ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली, ३६२ फेऱ्या मारून. तेव्हा रोटरी जात्याच कुचकामी आहे असं जे सरसकट लिहिलं जातं, ते मला पटत नाही. तिला पारखायची रीत वेगळी आहे, इतकंच.

या सीलना वंगण लागतं. म्हणून इंजिनमधला एक छोटा पंप थोडंथोडं ऑइल थेट आत सोडतो आणि ते जळून जातं. ही बिघाडाची खूण नाही, रचनाच तशी आहे. उलट दोन ऑइल बदलांच्या मध्ये पातळी जराही उतरत नसेल, तर पंप किंवा त्याच्या नळ्या काम करतात का, ही शंका घ्यायला हवी. सील कोरडे घासत असतील आणि मालक खूश असेल! कमी किलोमीटरचंही तसंच. थंड इंजिन चालू करून गाडी दारातून दोन हात हलवायची आणि लगेच बंद करायची, हे रोटरीला फार वाईट. आत पेट्रोल साचतं, कार्बन धरतो, सील खाचेत अडकू लागतात.

त्या गाडीचं कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनच्या आत तयार होणारा दाब, मी आग्रहाने तपासून घेतलं. पहिल्या गॅरेजने नेहमीचं गेज लावलं: पुढचा रोटर ७.२, मागचा ७.३ (किलो प्रति चौ. सें.मी.). गाडी पास. माझदाची किमान मर्यादा ६.९ आहे, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण प्रत्येक रोटरच्या तीन बाजूंना मिळून तीन कक्ष असतात आणि नेहमीचं गेज त्यांतला सर्वांत मोठा आकडाच धरून ठेवतं. तपासणी विभागातली बाई यावर समाधान मानू शकत नव्हती. रोटरीचं खास यंत्र असलेला मेकॅनिक शोधायला आणखी आठ दिवस गेले. त्याने दिलेले आकडे: मागचा रोटर ७.३, ७.१, ७.२. पुढचा ७.२, ५.३, ५.४. तीनपैकी दोन कक्ष पडलेले, म्हणजे बहुधा त्या दोघांमधला एपेक्स सील गेलेला. एकच कक्ष पडला असता तर संशय रोटरच्या सपाट बाजूवरच्या सीलवर गेला असता. एका रोटरच्या कक्षांत १.५ पेक्षा जास्त फरक चालत नाही, इथे १.९ होता. गरम इंजिन लवकर का चालू होत नव्हतं, ते कळलं. बॅटरी नवी घातली असती तरी दुखणं तिथेच राहिलं असतं.

आकड्यांबरोबर स्टार्टर किती वेगाने फिरत होता, हेही लिहून मागा. ६.९ ची किमान मर्यादा मिनिटाला २५० फेऱ्यांसाठी आहे. वेग जास्त असेल तर आकडे फुगतात.

मी घेतलेली गाडी १ लाख १२ हजार किलोमीटर चालली होती. बंपरवर ओरखडे, चालकाच्या आसनाची शिवण उसवलेली. पण मालकाकडे वही होती. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघितल्याची नोंद, घातलेल्या ऑइलचं प्रमाण, ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या चारही इग्निशन कॉइल बदलल्याचं बिल. या बिलाला मी फार महत्त्व दिलं. कॉइल कमजोर झाली की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागात, जाऊन जळतं, तो वितळून तुंबतो, आणि कोंडलेली उष्णता इंजिनवर उलटते. कॉम्प्रेशनचे सहाही आकडे ७.९ ते ८.२ च्या दरम्यान आले. नव्या इंजिनचं प्रमाण ८.५ आहे. त्या दिवशी मी सौदा पक्का केला. आता तीन वर्षं होतील. साधारण अडीच हजार किलोमीटरला एक लिटर ऑइल लागतं, आणि गरम इंजिन पहिल्या सेल्फला उठतं.

माझदाच्याच आरएक्स-७ या रोटरी गाडीच्या शेवटच्या पिढीला मात्र एवढ्यावर सोडू नका. तिला दोन टर्बो आहेत, उष्णता प्रचंड. कूलंटची पातळी उतरते का, चालू करताना पांढरा धूर रेंगाळतो का, ते बघा. आणि कोणी टर्बोचा दाब वाढवून घेतला असेल तर मी ती गाडी घेणार नाही. चुकीच्या क्षणी झालेला एक स्फोट सील तोडायला पुरतो.

रोज दोन-तीन किलोमीटरच जायचं असेल, त्यांनी दुसरी गाडी बघावी. ते या इंजिनला मानवत नाही, आणि हे लेखात यायला हवं होतं. पुरवणीच्या पुढच्या अंकात निदान दोन दुरुस्त्या छापाव्यात, ही विनंती: ऑइल खाणं हा या इंजिनचा दोष नाही, आणि विकणाऱ्याकडून दोन नव्हे, सहा आकडे मागावेत.

आपली नम्र,
एक वाचक